समुद्र नसलेल्या मुलुखातून : ॲडमिरल अरुण प्रकाश



१९७१ चा डिसेंबर आठवतो का? आपण तेव्हा नववीत होतो. कापसाचा हंगाम ऐन भरात होता आणि जिनिंगकडे जाणाऱ्या बैलगाड्यांची रांग शाळेच्या रस्त्यावरून सकाळपासून सुरू व्हायची. पण त्या पंधरा दिवसांत आपले लक्ष ना गाड्यांकडे होते, ना फळ्याकडे. मधल्या सुट्टीत पानठेल्यावरच्या रेडिओभोवती कोंडाळे करून आपण आकाशवाणीच्या बातम्या ऐकायचो. भूगोलाच्या सरांनी वर्गात भारताचा मोठा नकाशा लावला होता. बातमीत नाव आले की त्या गावावर ते खडूने टिंब काढत. कराची, चितगाव, कॉक्स बझार ही नावे आपल्याला पुस्तकातून कमी आणि त्या टिंबांवरून जास्त कळली.

एके दिवशी बातमी आली, की ‘विक्रांत’वरून उडालेल्या विमानांनी कॉक्स बझारच्या विमानतळावर हल्ला केला. मागच्या बाकावरून एक आवाज आला, “सर, जहाजावर इमान उतरते कसं? पाण्यात पडत नाही?” वर्ग हसला. सर मात्र हसले नाहीत. त्यांनी फळ्यावर जहाज काढले, त्यावर आडव्या तारा काढल्या, विमानाच्या शेपटाखाली आकडा काढला आणि पुढची वीस मिनिटे तेच शिकवले. प्रश्न विचारणारा आपला तो मित्र त्या दिवसापासून वहीच्या मागच्या पानांवर विमाने काढू लागला. मॅट्रिकनंतर नौदलात जायचे, असे त्याने ठरवून टाकले. घरच्या एका वडीलधाऱ्याने ऐकले आणि म्हटले, “आपलं काम नोहे ते, बावा. आपल्याकडं समुद्र हाये काय?” अर्ज कुठे मिळतो, परीक्षा कधी असते, हे सांगणारे आसपास कोणी नव्हते. खडकवासल्याच्या परीक्षेची जाहिरात त्याच्या हाती लागली, ती रद्दीच्या कागदात, मुदत उलटून गेल्यावर.

हा लेख मी त्याच्यामुळे लिहितो आहे. का, ते शेवटी सांगतो. आधी गोष्ट सांगायची आहे एका माणसाची. त्याच डिसेंबरात तो लढाऊ विमान उडवत होता आणि पुढे भारताचा नौदलप्रमुख झाला. मी आयुष्यभर इतिहास शिकवला. सेनापतींची चरित्रे पुष्कळ वाचली. पण ‘आपलं काम नोहे ते’ या वाक्याला इतके चोख उत्तर देणारी दुसरी कारकीर्द मला सापडली नाही.

ॲडमिरल अरुण प्रकाश यांचा जन्म १९४४ साली काश्मीरमधल्या अनंतनागला झाला. नकाशा पाहा. आपल्या अकोल्याहून मुंबईचा किनारा रेल्वेने सहाशे किलोमीटरच्या आत-बाहेर आहे. अनंतनागहून कोणत्याही बाजूने निघा, समुद्र गाठायला त्याहून कितीतरी लांब जावे लागते. आपल्याकडे निदान खारपाणपट्टा तरी आहे, पूर्णेच्या दोन्ही अंगांना विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. तिकडे सगळे गोड पाण्याचे झरे. अशा मुलुखातला मुलगा आपल्या पुण्याजवळच्या खडकवासल्याला, राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत आला आणि त्याने नौदल निवडले. १ जानेवारी १९६६ रोजी तो नौदलात अधिकारी म्हणून दाखल झाला आणि पुढे दोन वर्षांत वैमानिक झाला.

नौदलातला वैमानिक हा प्रकार तेव्हा आपल्या देशात नवाच होता. ‘विक्रांत’ ही आपली पहिली विमानवाहू युद्धनौका ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्टला नौदलात दाखल झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईला आली. १८ मे १९६१ रोजी लेफ्टनंट राम टहिलियानी यांनी तिच्या डेकवर पहिले जेट विमान उतरवले. सरांनी फळ्यावर काढलेले चित्र ते हेच. जहाजाची सगळी लांबी सातशे फुटांच्या आसपास, म्हणजे आपण शंभर मीटरची शर्यत धावायचो तशी दोन मैदाने. ते मैदानही स्थिर नाही. ते पुढे सरकते, वर-खाली होते, डोलते. विमान ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने त्यावर टेकते आणि शेपटाखालच्या आकड्याने डेकवरची एखादी तार पकडली तर थांबते. तार हुकली तर पुन्हा वर उडायचे. त्याला विचार करायला दोन-तीन सेकंदही नसतात. हे करणाऱ्या टहिलियानींना पुढे १९८४ मध्ये नौदलप्रमुखपद मिळाले. त्या पदावर पोहोचलेले ते पहिले नौदल वैमानिक. अरुण प्रकाश त्यांच्या पुढच्या पिढीचे.

अरुण प्रकाश यांनीही सी हॉक हे जहाजावरचे जेट उडवले. आता गंमत पाहा. १९७१ ची लढाई सुरू झाली तेव्हा ‘विक्रांत’ बंगालच्या उपसागरात होती. तिच्या एका बॉयलरला तडा गेलेला होता, वेग कमी झालेला होता, तरी तिच्यावरून सी हॉक आणि अलिझे विमाने उडत होती. सी हॉकच्या तुकडीचे प्रमुख लेफ्टनंट कमांडर संतोषकुमार गुप्ता यांना त्या कामगिरीबद्दल महावीर चक्र मिळाले. नौदलातल्या प्रत्येक वैमानिकाला त्या वेळी तिथे असावेसे वाटले असेल. अरुण प्रकाश मात्र तिथे नव्हते. अनुभवासाठी त्यांना वायुसेनेत पाठवले होते आणि ते वायुसेनेच्या २० क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये हंटर विमान उडवत होते. समुद्रापासून दूर, पंजाबात. जन्म डोंगरातला, नोकरी समुद्रावरची आणि लढाईच्या वेळी नेमणूक परक्या दलात.

दुसरा एखादा कुरकुरला असता. या लेफ्टनंटने पाकिस्तानात खोलवर जाऊन हल्ले केले. त्यांतला एक रावळपिंडीजवळच्या चकलाला विमानतळावरचा. तिथे उभ्या असलेल्या विमानांत एक छोटे अमेरिकी विमान होते आणि तेही जळाले. ते विमान होते चक येगर यांच्या वापरातले. येगर म्हणजे १९४७ साली ध्वनीच्या वेगापेक्षा जास्त वेगाने उडणारा जगातला पहिला माणूस. १९७१ मध्ये ते अमेरिकेचे लष्करी प्रतिनिधी म्हणून पाकिस्तानात होते. आपले विमान गेले याचा त्यांना भयंकर राग आला, आणि हे दिल्लीहून मुद्दाम घडवून आणले असे त्यांचे म्हणणे असल्याचे तिथल्या एका अमेरिकी मुत्सद्द्याने पुढे लिहिले. खुद्द अरुण प्रकाश यांनी बऱ्याच वर्षांनी हा किस्सा एका लेखात मिस्किलपणे सांगितला. दिल्लीहून असा कोणताही हुकूम नव्हता. धावपट्टीवर समोर जे दिसले त्यावर त्यांनी तोफा चालवल्या, इतकेच.

त्या लढाईतल्या कामगिरीबद्दल त्यांना वीर चक्र मिळाले. नौदलाच्या अधिकाऱ्याला, वायुसेनेच्या विमानातून जमिनीवर केलेल्या हल्ल्यांसाठी. मला ही गोष्ट त्यांच्या साऱ्या कारकिर्दीचा नमुना वाटते. जिथे आपण पाहुणे आहोत तिथेही काम घरच्यासारखे करायचे.

आता थोडे नौदलाच्या रीतीबद्दल सांगतो, कारण ती ठाऊक नसेल तर पुढचे महत्त्व कळत नाही. आपल्याला वाटते, पराक्रमी वैमानिक आहे, पदक आहे, मग बढत्या मिळत जातील आणि एक दिवस माणूस ॲडमिरल होईल. तसे नसते. नौदलात वरच्या पदांवर जायचे तर विमानातून खाली उतरून जहाज चालवता आले पाहिजे. पहारा, इंजिनखोली, दिशा, वादळ, खलाशांची भांडणे, मुदपाकखाना, सगळे कप्तानाच्या डोक्यावर. उत्तम वैमानिकाला तिशी-चाळिशीत पुन्हा नवशिक्या व्हावे लागते. आपल्याला गणितात पैकीच्या पैकी पडत असताना कोणी उचलून संस्कृतच्या वर्गात बसवावे, तसे. पुष्कळांचा उत्साह तिथेच संपतो. अरुण प्रकाश यांनी चार युद्धनौकांचे कप्तानपद सांभाळले. त्यांत शेवटी ‘विराट’ ही विमानवाहू युद्धनौकाही होती. ज्या प्रकारच्या डेकवर तरुणपणी जीव मुठीत धरून उतरायचे, तसे एक अख्खे जहाज आता त्यांच्या हुकमतीखाली होते.

मधल्या काळात त्यांनी आणखी एक गोष्ट नव्याने शिकली आणि देशाला शिकवली. सी हॉक विमाने जुनी झाली होती. त्यांच्या जागी ब्रिटनची सी हॅरिअर विमाने घ्यायचे ठरले. या विमानाच्या इंजिनाची तोंडे खालच्या दिशेने वळवता येत. त्यामुळे ते हवेत जवळजवळ थांबून, हलकेच सरळ खाली उतरू शके. आधीची विमाने उतरून मग थांबत. हे विमान थांबून मग उतरे. तारा नकोत, आकडा नको. पण चालवायला फार अवघड, कारण वैमानिकाला वर्षानुवर्षांची सवय मोडून हाताला नवे वळण लावावे लागे. सी हॅरिअर उडवणाऱ्या पहिल्या भारतीय स्क्वाड्रनचे प्रमुख म्हणून अरुण प्रकाश यांना निवडले गेले. ब्रिटनमध्ये प्रशिक्षण झाले. तिथून टप्प्याटप्प्याने उडत १६ डिसेंबर १९८३ रोजी पहिली सी हॅरिअर विमाने गोव्याच्या दाबोळी तळावर, आय.एन.एस. हंसावर, उतरली. तारीख पाहा. बरोबर बारा वर्षांपूर्वी त्याच दिवशी ढाक्याला शरणागती झाली होती. हे स्क्वाड्रन म्हणजे तीनशे क्रमांकाचे, १९७१ मध्ये ‘विक्रांत’वरून लढलेले तेच. त्याचे टोपणनाव ‘व्हाइट टायगर्स’. मेळघाटच्या वाघांशी सलगी सांगणाऱ्या आपल्या मुलुखाला हे नाव आवडायला हरकत नाही.

मागे काही वर्षांपूर्वी मी कुटुंबासह गोव्याला गेलो होतो. सगळे समुद्रावर गेले आणि मी बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात गेलो. उघड्या पटांगणात ती विमाने उभी आहेत : सी हॉक, अलिझे, सी हॅरिअर. इतकी वर्षे ज्यांची नावे रेडिओवर ऐकली ती विमाने प्रत्यक्षात किती छोटी! सी हॉकच्या बैठकीत माणूस जेमतेम मावेल. मी पंखाखाली सावलीत बराच वेळ उभा राहिलो आणि मला खडूने काढलेले ते जहाज आठवत राहिले.

पुढच्या पायऱ्या थोडक्यात सांगतो. ज्या प्रबोधिनीत ते पोरसवदा वयात आले होते, त्याच खडकवासल्याला ते प्रमुख म्हणून परतले. २००१ मध्ये अंदमान-निकोबारला देशातला पहिला असा विभाग सुरू झाला, की ज्यात भूदल, नौदल आणि वायुदल एकाच सेनापतीच्या हाताखाली होते. त्याचे पहिले प्रमुख अरुण प्रकाश. तीन दले, तिघांच्या तीन तऱ्हा, तीन प्रकारचे रुसवे. एकाने दुसऱ्याचे ऐकायची सवय नाही. पण ज्याने नौदलाचा गणवेश ठेवून वायुसेनेच्या विमानातून लढाई केली, त्याच्याकडे हे काम जावे हे योग्यच होते. तिन्ही दलांनी एकत्र काम करावे हा विषय त्यांनी पुढे निवृत्तीनंतरही लेखांतून आणि भाषणांतून सोडला नाही.

३१ जुलै २००४ रोजी ते नौदलप्रमुख झाले. पाच महिनेही झाले नव्हते तोच २६ डिसेंबरची सकाळ आली. सुनामीचे पाणी अंदमान-निकोबारवर आणि तामिळनाडूच्या किनाऱ्यावर चढले. कार निकोबारचा वायुसेनेचा तळ उद्ध्वस्त झाला. बेटे त्यांच्या परिचयाची होती, तीन वर्षांपूर्वी ती त्यांच्याच हवाली होती. नौदलाची जहाजे आपल्या किनाऱ्यासाठी निघालीच, पण त्याच वेळी श्रीलंका, मालदीव आणि इंडोनेशियाकडेही निघाली. समुद्राची खोली मोजणाऱ्या सर्वेक्षण जहाजांची तात्पुरती रुग्णालये केली गेली. स्वतःचे घर पडलेले असताना शेजाऱ्याकडे धान्य घेऊन जावे, तसे ते होते. भारतीय नौदलाकडे जगाने त्यानंतर वेगळ्या नजरेने पाहिले.

सगळेच दिवस असे अभिमानाचे नव्हते, आणि इतिहास लिहिताना तेही सांगितले पाहिजे. त्यांच्याच कारकिर्दीत नौदलाच्या वॉर रूममधील गोपनीय माहिती बाहेर गेल्याचे प्रकरण उघडकीस आले. २००५ मध्ये तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ केले गेले. प्रकरणात त्यांच्या नात्यातल्या एका व्यक्तीचे नाव आले आणि टीकेची झळ त्यांच्यापर्यंत पोहोचली. वीर चक्र मिळवण्यापेक्षा असे दिवस काढणे कठीण असेल, असे मला वाटते. आकाशातला शत्रू समोर दिसतो तरी.

त्याच २००५ साली कोचीच्या गोदीत भारतात बांधल्या जाणाऱ्या पहिल्या विमानवाहू युद्धनौकेसाठी पोलाद कापायला सुरुवात झाली. ती नौका २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलात दाखल झाली. तिचे नाव पुन्हा ‘विक्रांत’. त्याच दिवशी नौदलाच्या झेंड्यावरचा इंग्रजी काळापासूनचा क्रूस गेला आणि शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. ज्या राजाने सह्याद्रीच्या डोंगरात वाढून आरमार उभे केले, त्याची खूण आता प्रत्येक युद्धनौकेवर आहे. डोंगरातल्या माणसांचे समुद्राशी नाते नवे नाही.

अरुण प्रकाश ३१ ऑक्टोबर २००६ रोजी निवृत्त झाले. तिन्ही दलप्रमुखांच्या समितीचे अध्यक्षपदही शेवटची दीड-पावणेदोन वर्षे त्यांच्याकडे होते. अनंतनागपासून इथवरची यादी मी पुन्हा वाचतो तेव्हा मला एकच गोष्ट दिसते. हा माणूस पाच-सहा वेळा परका झाला : डोंगरातला मुलगा खलाशांत, खलाशी वैमानिकांत, नौदलाचा माणूस वायुसेनेत, वैमानिक जहाजाच्या कप्तानांत, एका दलाचा अधिकारी तीन दलांवर. प्रत्येक वेळी त्याला कोणीतरी म्हणू शकले असते, “आपलं काम नोहे ते.” कदाचित म्हटलेही असेल. त्याने प्रत्येक वेळी पहिल्या बाकावर बसून पहिल्या धड्यापासून सुरुवात केली. शौर्य जन्मजात असेल, नसेल. पण पुन्हा विद्यार्थी होण्याची तयारी शाळेत लावता येते, आणि आपल्याला ती ज्यांनी लावली त्यांतले काही गुरुजन आज आपल्यासमोर बसले आहेत.

आता सुरुवातीला राहिलेली गोष्ट. वहीत विमाने काढणारा आपला मित्र खडकवासल्याला गेला नाही. त्याने बाजारात मोटारीच्या सुट्या भागांचे दुकान काढले, चांगले चालवले, मुले शिकवली. तक्रार त्याने कधी केली नाही. गेल्या दिवाळीत त्याचा फोन आला. म्हणाला, “अरे, नात अकरावीत हाये. एन.डी.ए.चा फॉर्म भरतो म्हणते. नौदल पाहिजे तिले. घरचे म्हणून रायले, आपल्याकडून कोण गेलं तिकडं? तू इतिहासाचा मास्तर, सांग एखादं नाव.” मी लगेच उत्तर दिले नाही. म्हटले, लिहून देतो.

तर हे लिहून दिले आहे. नातीला सांग, अनंतनागचा मुलगा नौदलप्रमुख झाला. तेवढ्याने भागत नसेल तर आणखी एक नाव सांग. डिसेंबर २०१९ मध्ये नौदलाची पहिली महिला वैमानिक झालेली सब लेफ्टनंट शिवांगी बिहारच्या मुजफ्फरपूरची. तिथेही समुद्र नाही. २०२२ पासून मुलीही खडकवासल्यात शिकत आहेत. परीक्षा लोकसेवा आयोग घेतो, वर्षातून दोनदा. राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षणसंस्था मुलांसाठी छत्रपती संभाजीनगरला १९७७ पासून आहे आणि मुलींसाठी आता नाशिकला आहे. यात गुपित असे काही नाही. फक्त ते आपल्या गल्लीपर्यंत वेळेत पोहोचायला हवे.

म्हणून या सुवर्णमहोत्सवी मेळाव्यात माझी एक सूचना आहे. आपण शाळेला काही ना काही देणारच आहोत. पंखे द्या, बाके द्या, जरूर द्या. पण सोबत कार्यालयाच्या बाहेर एक फलक द्या, ज्यावर दर महिन्याला अशा परीक्षांच्या तारखा लिहिल्या जातील. खडूने लिहिल्या तरी चालतील. आणि तो लिहिण्याचे काम आपल्यापैकी गावात राहणाऱ्या कोणी तरी अंगावर घ्यावे. मी अकोल्याहून महिन्यातून एकदा यायला तयार आहे.

नातीची निवड होईल की नाही, मला ठाऊक नाही. डोळे, उंची, मुलाखत, हजार गोष्टी असतात. पण या वेळी जाहिरात रद्दीत सापडलेली नाही. अर्ज मुदतीच्या नऊ दिवस आधी भरला गेला आहे. आजोबांनी स्वतः सायबर कॅफेत बसून भरून घेतला.